गुलमोहराखाली

डॉक्टर मोकाशींनी हातरुमालाची गाठ सोडली आणि आतली कवचं कट्ट्यावर, बरोबर अप्पांच्या कपाशेजारी मांडली.

"घ्या," त्या म्हणाल्या, "चहाबरोबर."

कट्ट्यावर बसलेले आम्ही सगळे पुढं झुकलो. मातकट रंगाची, काळ्या शिंतोड्यांची दोन अंडी होती ती. एक मधोमध फुटलेलं, दुसऱ्याला चोचीच्या मापाचं भोक. आत काही उरलं नव्हतं.

"धाविकाची?" मी विचारलं. उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

"दुसऱ्या कुणाची असणार? आठवडाभर आपण ज्यांच्यावर जीव टाकून होतो, तीच."

धाविक हा आमच्या माळाचा खरा घरमालक. उंच पायांचा, विटकरी पोटाचा, उडण्यापेक्षा पळण्यावर भिस्त ठेवणारा पक्षी. घरटं वगैरे बांधायच्या भानगडीत तो पडत नाही. उघड्या जमिनीवर अंडी घालतो आणि मातीच्या रंगावर विश्वास ठेवतो. कित्येक वर्षं तो आमच्या माळावरून नाहीसा झाला होता. त्या चैत्रात एक जोडी परत आली, तिनं अंडी घातली, आणि आम्ही शहाणीसुरती माणसं त्या अंड्यांकडे दुर्बिणीतून बघून एकमेकांना पेढे देत होतो.

"कुणी खाल्ली असतील ओ?" भूमय्यानं हळूच विचारलं.

डॉक्टरांनी नुसती मान वर केली. आमच्या डोक्यावर, गुलमोहराच्या फांदीवर एक कावळा बसला होता आणि चोच फांदीला घासून साफ करत होता. इतका निर्लज्ज कावळा मी आयुष्यात पुन्हा पाहिला नाही.

"ह्या झाडावर बसलं की अख्खा माळ दिसतो," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरं बसायला झाडच नाही ना! अप्पा, आता तरी काढणार का?"

अप्पांनी कवचांकडे बघितलं, कप उचलला, एक घोट घेतला.

"बघू," ते म्हणाले.

पलीकडे स्टोव्हपाशी बसलेली माझी आई पातेलं घासत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. त्यात मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

ही सोलापुरातली गोष्ट. शहराच्या कडेला, पाण्याच्या टाकीमागे जो माळ पसरला होता, तिथं आमचं निसर्ग केंद्र होतं. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, दोन रांजण, भूमय्याच्या पुतण्यानं रंगवलेली एक पाटी, आणि हा गुलमोहर. पगारी माणूस एकही नाही. रविवार सकाळ उजाडली की जो तो आपापलं घर सोडून यायचा. शिवशरणप्पा हिरेमठ, म्हणजे आमचे अप्पा, रेल्वेतून निवृत्त झालेले. डॉक्टर मोकाशी दातांच्या. त्यांच्या खुर्चीत बसलेला माणूस त्यांना जेवढा घाबरायचा, तेवढेच आम्ही त्यांना माळावर घाबरायचो. भूमय्या चिलवेरीच्या घरी चादरीचे माग होते. आठवडाभर खडखडाट ऐकून कान किटले की शांततेसाठी येतो म्हणायचा, आणि आल्यापासून जाईपर्यंत तोंड मिटायचा नाही. मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. आणखीही पाच-सहा जण येऊन-जाऊन असायचे, पण राबायला कायम आम्हीच.

आणि आमची सगळ्यांची मिळून एक भलीमोठी चूक होती, ती सांगायलाच हवी.

केंद्र सुरू झालं तेव्हा आम्ही माळावर झाडं लावली. मी तेव्हा शाळेत होते, आमच्या शाळेचीही फेरी निघाली होती. निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प, जे रोप मिळेल ते. उजाड माळ हिरवा करायचा होता ना! भाषणं झाली, फोटो निघाले, टँकरनं पाणी घालून झाडं जगवली. त्यातला एक टँकर माझे वडील चालवायचे. झाडं चांगली वाढली. मग एका रविवारी अप्पांनी सहज विचारलं, "चंडोल कुठं गेले ओ सगळे?" आणि कुणालाच उत्तर देता येईना. चंडोल गेले होते, माळटिटव्या गेल्या होत्या, धाविक गेला होता. गवतावर सावली पडली तसं गवतही गेलं. ज्याला आम्ही उजाड समजलो ते भरलेलं घर होतं. त्यात आम्ही झाडं घुसवली आणि घरच्यांना बाहेर काढलं. माळाचं जंगल म्हणजे गवतच, हे कळायला आम्हाला इतकी वर्षं लागली.

चूक उमगल्यावर अप्पांनी नियम केला. लावील त्यानं काढायचं. मदतीला कुणीही या, पण पहिला घाव लावणाऱ्याचाच पडला पाहिजे. मग खड्डा भरायचा आणि त्यावर मारवेल नाहीतर पवन्या गवताचं बी मूठभर टाकायचं.

"असा नियम कशाला?" डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं. "चार मजूर लावू, दोन दिवसांत काम होईल."

"दुसऱ्यानं काढलं की माणूस राग धरतो," अप्पा म्हणाले होते. "आपण काढलं की नुसतं रडतो. रडणं बरं."

आणि लोक खरंच आले. भूमय्यानं चारही मुलींच्या नावानं एकेक झाड लावलं होतं. तो चारही मुलींना घेऊन आला, एकेकीच्या हातून कुऱ्हाड चालवली, मोठ्यानं रडला आणि नंतर सगळ्यांना भजी खाऊ घातली. डॉक्टरांनी आपली निलगिरीची रांग अशी सपासप उतरवली की बघणाऱ्यालाच आपली दाढ दुखल्यासारखं वाटावं. दोन-तीन वर्षांत माळ मोकळा झाला. गवत परतलं, आधी बिचकत बिचकत आणि मग हट्टानं. चंडोल परतले.

राहिला एक गुलमोहर.

"हे कुणाचं?" कुणीतरी एकदा विचारलं होतं.

"माझं," अप्पा म्हणाले.

"मग काढा की!"

"बघू."

त्या एका 'बघू'वर दोन वर्षं निघाली. खरं सांगायचं तर आम्हाला कुणालाच घाई नव्हती. सोलापूरचा उन्हाळा ज्यानं सोसलाय त्याला विचारा सावली काय चीज असते. मीटिंगा गुलमोहराखाली, भांडणं गुलमोहराखाली, डबे गुलमोहराखाली. वैशाखात तो फुलला की टाकीपलीकडच्या रस्त्यावरून लाल दिसायचा. पण अप्पांची थट्टा मात्र व्हायचीच. भूमय्या म्हणायचा, "आमच्या लेकींची झाडं गेली, अप्पांचा जावई तेवढा राहिला!" अप्पा हसायचे. ते हसतात म्हणून आम्ही आणखी बोलायचो.

आईचं सांगते. वडील काविळीनं गेले तेव्हा मी कॉलेजात होते. त्यानंतर आई घराबाहेर पडेनाशी झाली. दळण आणायलासुद्धा मला पाठवायची. मी केंद्रात जायला लागले आणि दुसऱ्याच रविवारी ती स्टोव्ह आणि पातेलं पिशवीत घालून दारात उभी राहिली.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"तुझ्यासंगं. लोकं उन्हात राबत्यात, च्या कोण देतं त्यांना?"

मला वाटलं, तरण्या पोरीला एकटीला माळावर पाठवायला तिचं मन धजत नसावं. तेव्हापासून एकही रविवार तिनं चुकवला नाही. गुलमोहराच्या बुंध्याला पाठ लावून बसायची आणि चहा करायची. गाजरगवताचं एक पोतं भरल्याशिवाय कुणाला कप मिळायचा नाही, हा तिचा नियम. डॉक्टर मोकाशी सगळ्यांना दटावायच्या, पण अर्धं पोतं घेऊन आईपुढे, म्हणजे सगळ्यांच्या मावशींपुढे, यायची त्यांचीही छाती नव्हती. आई स्वतः मात्र सगळ्यात शेवटी प्यायची, आम्ही पांगल्यावर, एकटी.

कवचांचा प्रकार झाला त्याच्या पुढच्या रविवारी डॉक्टर आमच्या आधी येऊन बसल्या होत्या. चेहरा बघूनच मला कळलं, आज काहीतरी होणार.

"पुन्हा घातलीत," त्यांनी सांगितलं. "दोन अंडी. पहिल्या जागेपासून थोडी खाली, त्या मुरमाच्या उंचवट्यापाशी. मादी बसलीय."

"अरे वा!" भूमय्या म्हणाला. "पेढे?"

"पेढे गेले खड्ड्यात. वर बघा."

वर कावळ्यांची जोडी काड्या आणत होती. फांदीच्या बेचक्यात घरट्याचा पाया पडला होता. आणि सगळ्या फांद्यांच्या टोकांना हिरव्या कळ्यांचे घोस लागले होते.

"घर बांधतायत," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे आता दिवसभर इथंच मुक्काम. ही अंडीसुद्धा जातील. दोनदा गेल्यावर ही जोडी इथं पुन्हा येईल असं वाटत नाही मला. अप्पा, परवानगी आपल्याकडे केव्हाची आहे. घरट्यात अजून अंडं नाही. आज काढलं तर कुणाचंच नुकसान नाही. मला आज उत्तर पाहिजे, आणि 'बघू' नको."

अप्पा उभे होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"झाड राहील," ते म्हणाले.

"का?"

"राहील म्हणतोय ना."

"म्हणजे नियम आम्हाला, आणि तुम्हाला सूट? भूमय्यानं पोरींची झाडं तोडली. मी माझी तोडली. लोकांना आपण घरी जाऊन सांगितलं, बाबांनो, प्रेमानं लावलंत पण चुकलंत. कुठल्या तोंडानं सांगितलं?"

"डॉक्टर, जरा दमानं," भूमय्या म्हणाला.

"दमानं कशाला? दोन वर्षं दमच धरलाय! ह्या माणसाचा शब्द म्हणजे माझ्या लेखी काळ्या दगडावरची रेघ होती हो. म्हणून राग येतोय. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी इतकं बोललेच नसते."

  मला अप्पांचा राग येत नव्हता, नुसतं वाईट वाटत होतं. इतका सरळ माणूस एका झाडापायी असा का अडून बसावा, हेच मला कळेना.

अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून खोलीची किल्ली काढली आणि कट्ट्यावर ठेवली.

"बरोबर बोलताय तुम्ही," ते म्हणाले. "नियम मी केला आणि मीच मोडतोय. असा माणूस वर नको. तुम्ही चालवा केंद्र. मी जातो. तेवढं झाड ठेवा."

ते वळले आणि चालायला लागले. कट्ट्यावरच्या त्या किल्लीकडे आम्ही सगळे बघत राहिलो. मी अप्पांच्या मागं जायला उठले आणि तेवढ्यात आईचा आवाज आला.

"अप्पा, किल्ली उचला."

आई मीटिंगमध्ये कधी बोलायची नाही. चहा गाळता गाळताच ती बोलली होती, मान वर न करता. गाळणं खाली ठेवून ती उठली.

"वत्सलाबाई, तुम्ही मधे पडू नका," अप्पा घाईनं म्हणाले. इतक्या घाईनं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"मधे कुठं पडते? माझंच हाय ते." मग ती डॉक्टरांकडे वळली. "झाड अप्पांचं न्हाई, डॉक्टर. माझं हाय. ह्यांनी लावलंय, शैलाच्या बापानं, माझ्यासाठी."

शैला म्हणजे मी, आणि हे मला ठाऊकच नव्हतं.

"मी राधानगरीकडची," ती सांगू लागली. "आमच्याकडं दारातनं पाय बाहेर टाकला की झाडी. लगीन होऊन इकडं आले आणि हा माळ बघून रडाय लागले. म्हणलं, कुठं आणून टाकलं मला, बसाय काडीची सावली न्हाई. पुढं शैला शाळेत असताना हे रविवारी टँकर घेऊन यायचे तवा मला संगं घ्यायचे. टाकी रिकामी होईस्तवर मी टँकरच्या सावलीत बसायची. टँकर हलला की सावली बी हलायची. त्येचं मला हसू यायचं, ह्यांना यायचं न्हाई. एक दिवस कुठनं तरी रोप घेऊन आले आणि लावलं हितं. म्हणले, दम धर, हलणार न्हाई अशी सावली देतो तुला."

"मग सांगितलं का नाही कुणाला?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

"भ्यायचे. सरकारी टँकरचं पाणी बायकूच्या झाडाला घातलं म्हणून बोंब झाली असती. अप्पांनी बघितलं हुतं लावताना. ह्यांनी त्यांच्याकडनं वचन घेतलं, कुणाला बोलू नका म्हणून. पुढं नियम झाला तवा अप्पांनीच सांगितलं, झाड माझं हाय म्हणून. मला एका शब्दानं इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. सगळ्यांचं ऐकून घेत बसले. मी बी बसले गप, सावली सोडवंना म्हणून."

"कशाला बोललात ओ," अप्पा पुटपुटले. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. "चाललं होतं की."

"कुठं चाललं हुतं? तुम्ही किल्ली ठेवून निघाला." आईनं पदर खोचला. "बसाय सावली मिळावी म्हणून लावलं हुतं त्यांनी. त्यापायी तुम्हास्नी उन्हात हाकललं तर त्यांना चाललं असतं व्हय? आणि ती पाखरी मी बघितली. अंडी फुटल्यावर जागेभवती नुसती पळत हुती. हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. मी भांडी घासत बघत हुते. कुऱ्हाड आणा."

"मावशी!" डॉक्टर पुढे झाल्या. त्यांनी आईचे दोन्ही हात धरले. "मला माहीत नव्हतं हो. राहू दे झाड. फांद्या छाटू, कावळ्यांना हुसकावू, काहीतरी करू. मी शब्द मागे घेते."

"डॉक्टर, दात काढाय आलेला माणूस खुर्चीत बसल्यावर नको म्हणला, तर तुम्ही घरी धाडता व्हय त्याला?"

भूमय्याला हसू फुटलं आणि तो तिथंच तोंड फिरवून रडायला लागला.

"आई, थांब की," मी म्हणाले. "निदान पुढच्या रविवारी काढू. एकदा घरी जाऊन विचार कर."

ती वर बघत होती, कळ्यांकडे.

"पुढच्या रविवारी फुललेलं आसंल," ती म्हणाली. "फुललं की माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, शैला. आजच करू." मग थोडं थांबून, "आधी च्या घेते."

तिनं कप भरला आणि बुंध्याला पाठ टेकून बसली. आम्ही सगळे सावलीच्या बाहेर उभे राहिलो. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं, पण त्या सावलीत पाय ठेवायची कुणाला इच्छाच झाली नाही. ऊन चढलं होतं, डोकी तापत होती, आणि आई एकटी सावलीत बसून सावकाश चहा पीत होती. मधेच तिनं डोळे मिटले. एकदा डोकं मागं टेकलं. काय बोलली असेल मनातल्या मनात, देव जाणे. चहा संपल्यावर तिनं कप उपडा घातला, नेहमीसारखा, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

पहिला घाव काही जोरात बसला नाही. पातं सालीत अडकलं. अप्पांनी पुढं होऊन ते सोडवून दिलं, कुऱ्हाड परत तिच्या हातात ठेवली आणि बाजूला झाले. दुसरा घाव चांगला बसला. मग तिनं कुऱ्हाड भूमय्याला दिली आणि पुन्हा झाडाकडे बघितलं नाही. मुरमाच्या उंचवट्याकडे तोंड करून उभी राहिली.

करवत चालली, दोर लागले, झाड अंडी होती त्याच्या उलट बाजूला पडलं. गुलमोहराचं लाकूड लेचंपेचं, फार वेळ लागला नाही. कावळ्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही घेतलं असतं. धूळ बसली आणि बघतो तर जिथं आम्ही वर्षानुवर्षं बसलो तिथं ऊन पडलं होतं. ती जागा इतकी लहान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

बुंधा खणून काढायला दुपार झाली. खड्डा भरल्यावर अप्पांनी मारवेलच्या बियांची पिशवी आईपुढे धरली. तिनं मूठ भरली, पेरताना मूठ हळूहळू सोडली, आणि हात झटकले. मग पडलेल्या फांदीवरून तिनं गेल्या वर्षीची एक काळी वाळकी शेंग तोडली आणि चहापत्तीच्या डब्याशेजारी पिशवीत टाकली.

"मावशी, बी लावणार का कुठं?" भूमय्यानं विचारलं.

"न्हाई गं बाई," ती त्याला म्हणाली. ती सगळ्यांनाच असं म्हणायची. "वाजवाय नेते."

घरी परत जाताना आम्ही टाकीपर्यंत आलो. स्टोव्हची पिशवी मी घेतली होती. शेवटी मला राहवलं नाही.

"मला का नाही सांगितलंस गं? मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू झाडासाठी भांडली असतीस. बापावर गेलीयास."

"भांडले असते तर काय बिघडलं असतं?"

"तुझं त्या लोकांसंगं बिघडलं असतं," ती म्हणाली. "आणि तुला दुसरं हाय कोण?"

त्या क्षणी मला सगळं नीट दिसलं. इतके दिवस मी समजत होते, आई माझ्या सोबतीला येते. ती येत होती वडिलांच्या सोबतीला. रविवार सकाळी चांगलं पातळ नेसून, केसांना तेल लावून ती निघायची, ती नवऱ्याशेजारी बसायला निघायची. आणि आज तीच जागा तिनं आपल्या हातानं मोकळी करून दिली होती. मी रस्त्यातच रडायला लागले. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पिशवी सांभाळ, राकेल सांडंल."

त्या अंड्यांतून एक पिल्लू जगलं. गवताच्या काडीएवढ्या पायांवर ते आईबापाच्या मागं पळताना आम्ही दुर्बिणीतून बघितलं. डॉक्टरांनी दुर्बीण पहिल्यांदा माझ्या आईच्या हातात दिली. तिला त्यातून काहीच दिसलं नाही, पण "दिसलं, दिसलं," म्हणाली. त्या दिवशी पेढे अप्पांनी आणले. किल्ली त्यांच्याकडेच राहिली, शेवटपर्यंत.

आम्हाला भीती होती की आई आता यायची नाही. पुढच्या रविवारी ती माझ्याआधी तयार होती. स्टोव्ह, पातेलं, आणि वडिलांची काळी छत्री. झाड होतं त्याच जागी छत्री मातीत खोचून ती बसली. आम्ही पोती भरून आणली, चहा घेतला, उन्हात उभ्यानं. पुढं पावसानंतर मारवेल उगवला तेव्हा तिनं बसायची जागा दोन हात सरकवली, गवत दबेल म्हणून.

आता अप्पा नाहीत, आईही नाही. डॉक्टर मोकाशींचे गुडघे गेले, तरी त्या रिक्षा करून येतात आणि टाकीपाशी उतरताना रिक्षावाल्याशी भांडतात. भूमय्याची धाकटी लेक आता केंद्र सांभाळते. बोलण्यात बापाच्या वरताण आहे. ती शेंग माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलेली आहे. कधीतरी वाजवते.

परवा एक नवी मुलगी आली, कॉलेजातली. मोबाइल हातात धरून माळावर गोल गोल फिरत होती.

"काकू," तिनं मला विचारलं, "ग्रुपवर मेसेज आलाय, साडेसातला गुलमोहराखाली. मी कधीची शोधतेय. गुलमोहर आहे कुठे?"

मी आजूबाजूला बघितलं. कमरेएवढा मारवेल वाऱ्यानं हलत होता. लांबवर एक झाड दिसेल तर शपथ. लोक पोती घेऊन त्या जागेकडे यायला लागले होते, भूमय्याची लेक कप मांडत होती. इतक्या वर्षांत आमच्यातल्या कुणालाच ते नाव बदलावंसं वाटलं नव्हतं. त्या दिवसापर्यंत मलाही ते कधी जाणवलं नव्हतं.

"हे काय, आपण त्याच्याखालीच उभ्या आहोत," मी म्हणाले.

तिनं वर बघितलं. वर नुसतं आभाळ होतं आणि कुठंतरी उंचावर चंडोल गात होता. मग तिनं माझ्याकडे बघितलं, माझं वय बघून काही बोलली नाही.

"पोतं भरलंस का?" मी विचारलं.

"अजून नाही."

"मग भरून आण," मी म्हणाले. "त्याशिवाय इथं चहा मिळत नाही."